रुईच्या चिकाला आग नसते

दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं तुम्हाला कुणी शिकवलं?

मला तरी पत्रकांनी शिकवलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसभर एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि काम सुटलं की मालकाच्या परवानगीनं त्याच खिळ्यांत स्वतःची पत्रकं जुळवायचे. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, कोडोली सोडून ते कोल्हापुरात आले आणि भाड्याच्या घरातल्या देव्हाऱ्याच्या कोनाड्यात त्यांनी पुस्तकं ठेवली. आण्णांनी त्याच कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे रचले. मी छापखान्यात त्यांच्याशेजारी बसून अक्षरं शिकले, त्यामुळं सुलट अक्षरांच्या आधी मला उलटी अक्षरं वाचता यायला लागली. भगत, गंडे, हुंडा, जातीची पंगत, सगळ्यांवर आमच्याकडं पत्रक होतं. आणि प्रत्येक पत्रकात काही ना काही पेटलेलं असायचं. छापखान्याचा मालक एकदा म्हणालेला, "आण्णा, 'आग' हा शब्द एकदाच जुळवून दोऱ्यानं बांधून ठेवा की. रोज रोज कशाला जुळवताय?"

त्यामुळं माझी अशी पक्की समजूत झाली होती की जे वाईट असतं ते जळतं, चटका देतं, आणि चटका बसला की माणूस उठतोच. ही समजूत मोडली ती एका झुडपानं.

रुई तुम्ही पाहिलीच असेल. पांढुरकी जाड पानं, त्यावर पिठी चोळल्यासारखी लव, जांभळट फुलांचे झुबके. मूळची ही वाळवंटाची रहिवासी. राजस्थानात, कच्छात, त्याही पलीकडं अरबस्तानात, जिथं दुसरं काही तग धरत नाही तिथं हिचे भाऊबंद ऐटीत उभे असतात. आमच्या जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही, उसाच्या सऱ्या सदा भिजलेल्या. पण रुई त्या वाटेला जात नाही. ती मुरमाचा बांध, पडकी भिंत, रस्त्याच्या कडेची खडी असलंच काहीतरी शोधते. शेळ्या सगळं रान ओरबाडतात आणि रुईपाशी आल्या की मान वळवून पुढं जातात. पान मोडलं की पांढराशुभ्र चीक टपटप गळतो. लहानपणी आम्हाला तो दूध वाटायचा. पायात काटा रुतला की त्यावर हाच चीक लावायचा, काटा वर येतो, असं पेठेतलं कुणीही सांगेल.

आम्ही शिवाजी पेठेत एका बोळात राहायचो. समोरच्या खोलीत मावशी राहायची. नात्यानं ती आमची कुणी नव्हे, पण बोळातल्या सगळ्यांची मावशीच. ती रुईच्या माळा करायची. मारुतीला शनिवारी रुईची माळ लागते. आमच्या पेठेत तालमी भरपूर, त्यामुळं मारुतीही भरपूर, आणि म्हणून मावशीला काम भरपूर. शुक्रवारी सकाळी ती रंकाळ्याच्या पलीकडच्या माळावरून पानं तोडून आणायची, दुपारभर उंबऱ्यात बसून ती केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफायची आणि शनिवारी पहाटे तालमीच्या दाराशी पाटी मांडायची.

तिला एकच डोळा होता. डावा डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला. त्या बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. पाठीमागं लोक तिला एकडोळी म्हणायचे. कधी तोंडावरही म्हणायचे. ती उलट म्हणायची, "तुमच्या दोन डोळ्यांनी काय दिवं लावल्यात ते बघतोय की आमी."

आण्णांचं आणि तिचं रोजचं भांडण असायचं, आणि रोजचा चहाही. कारण मावशी माळा गुंडाळायला आण्णांचीच उरलेली पत्रकं वापरायची.

"मावशी, मी देव घालवायला कागद छापतोय आणि तुम्ही त्यातच देवाची माळ गुंडाळताय," आण्णा म्हणायचे.

"मग? तुमचा कागद देवळापातूर जातोय की. न्हाईतर कोण नेतंय त्याला?"

आण्णांनी मग तिच्यावरच पत्रक काढलं. तिच्यावर म्हणजे रुईवर. तिसरं लग्न करणाऱ्या पुरुषाचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावतात, कारण तिसरी बायको अपशकुनी मानतात, या चालीवर त्यात पहिला घाव होता. तो घाव अगदी योग्य ठिकाणी बसला होता असं मी आजही म्हणेन. दुसरा घाव माळेवर होता. "रुईचा चीक म्हणजे पातळ आग! डोळ्यात जाताच असह्य जळजळ होऊन माणूस आंधळा होतो. असल्या विषाची माळ देवाला?" हे वाक्य आण्णांनी कुणाला विचारून लिहिलं नव्हतं. विष आहे म्हणजे जळणारच, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

ते पत्रक मी मावशीला तिच्या उंबऱ्यात बसून ठसक्यात वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बापाला सांग, कागद जरा जाड काढा म्हणावं. माळ ओली असली की फाटतोय."

त्याच वर्षीच्या हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी ते घडलं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, मी दहावीच्या उंबरठ्यावर होते. चैत्राचं ऊन होतं. नेहमीच्या कितीतरी पट माळा करायच्या होत्या. मावशी घाईत होती. पानागणिक चीक बोटांवर यायचा आणि ती बोटं पदराला पुसायची. दुपारपर्यंत तो पदर खळ घातल्यासारखा कडक झाला होता. घाम कपाळावरून खाली आला, तेव्हा तिनं त्याच पदरानं तोंड पुसलं, डोळाही पुसला.

"आता ग, डोळ्यात गेलं वाटतं."

मी ताडकन उठले. "मावशी, धुवा, धुवा! आग होती का?"

तिनं डोळा मिचकावला. "न्हाई की. कायबी होत न्हाई. जरा गार लागल्यावानी झालं."

"पण पत्रकात..."

"खोटा हाय तुझ्या बापाचा कागद," ती हसून म्हणाली. "आग म्हणं! मारुतीचं काम करतोय मी, तो राखणार न्हाई व्हय मला?" आणि पुढचं पान उचललं. मी तिच्या हातावर तांब्या ओतला असता, पण तिनं तो बाजूला सारला. पाणी प्यायला ठेवलं होतं.

दिवेलागणीला ती आमच्या दारात येऊन उभी राहिली. आमच्या खोलीतल्या बल्बकडं बघत राहिली. आईला म्हणाली, "तुमच्या दिव्याला कडं पडलंय ग. रंगीत. देवामागं प्रभावळ असती तसं."

आईनं बल्बकडं पाहिलं. साधा पिवळा बल्ब होता तो. "मावशी, डोळा दुखतोय का?"

"अजिबात न्हाई. उलट हलकं वाटतंय."

सकाळी मी तालमीपाशी गेले तेव्हा मावशीच्या पाटीभोवती बाया जमल्या होत्या. तालमीचे वस्ताद, जे एरवी "ए मावशे, माळ झाली का न्हाई?" असं लांबूनच ओरडायचे, ते हात जोडून उभे होते. मावशीला काल चीक डोळ्यात जाऊनही आग झाली नाही, उलट दिव्याभोवती प्रभावळ दिसली आणि आज मारुतीभोवतीही दिसते आहे, ही बातमी पेठभर झाली होती. एक बाई वाकून तिच्या पाया पडली. मावशी संकोचली, पण तिनं पाय मागं घेतले नाहीत.

मी जवळ गेले तर तिनं माझ्याकडं तोंड वळवलं आणि विचारलं, "कोण हाय?"

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

त्या बायांवर मला तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. मला चीड या गोष्टीची आहे की जिला उभा जन्म एकडोळी म्हणून हिणवलं, तिला त्या गर्दीत पहिल्यांदा मान मिळाला आणि तोही तिचा उरलेला डोळा विझत असताना. मग ती दवाखान्यात कशाला जाईल? दवाखान्यात गेली तर ती पुन्हा एकडोळी होणार होती. किंवा त्याहून वाईट.

मी धावत जाऊन आण्णांना घेऊन आले. आण्णांनी आल्या आल्या सुरुवात केली ती नेहमीसारखीच. "मावशी, ही अंधश्रद्धा आहे! डोळा निकामी होतोय तुमचा. चला दवाखान्यात."

मावशीनं पाटीतलं एक पत्रक उचललं. रुईचंच होतं, माळेभोवती गुंडाळायला काढलेलं. ते तिनं आण्णांच्या आवाजाच्या दिशेनं पुढं धरलं. "ह्यात काय लिवलंय? आग हुती म्हणून लिवलंय. पोरीनं वाचून दावलंय मला. मला आग झाली? न्हाई झाली. मग खोटं कोण, मी का तुमी?"

गर्दी हसली. वस्ताद म्हणाले, "आण्णा, बोला की आता."

आण्णांनी आवाज खाली आणला. "मला ठाऊक नाही, मावशी. मी विचारून लिहिलं नव्हतं. आपण दोघं डॉक्टरकडं जाऊ आणि विचारू. आग होते असं डॉक्टर म्हणाले तर मी खरा."

"आन न्हाई म्हणाले तर?"

"तर तुम्ही सांगाल ते."

मावशीचा चेहरा खुलला. पैज म्हटल्यावर पेठेतलं माणूस मागं हटत नाही. "तर तुमी सोताच्या हातानं मारुतीला माळ घालायची. माझी माळ. हितं, सगळ्यांम्होरं."

"बरं."

"शब्द?"

"शब्द."

अशी ती उठली. डोळ्यासाठी नाही, आण्णांना हरवण्यासाठी. वस्तादांनी रिक्षा आणली. मी तिच्या शेजारी बसले, आणि रिक्षात बसताना तिचा हात दांडी शोधत हवेत फिरला तो मी पाहिला.

सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी यंत्रातून मावशीचा डोळा बराच वेळ पाहिला, मग विचारलं, "कधी गेलं डोळ्यात?"

"काल दुपारी. पर आधी येक सांगा बाई. रुईचा चीक गेला की आग हुती का न्हाई? खरं सांगा, पैज हाय."

डॉक्टरांनी आण्णांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "बऱ्याच लोकांना होत नाही. चीक डोळा बधिर करतो."

मावशीनं टाळी वाजवली. "ऐकलं का आण्णा?"

"मावशी, तेच तर वाईट आहे," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. बुबुळाची जी काच असते, तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो. काचेत झिरपणारं पाणी तो सतत बाहेर उपसत असतो, शेतातल्या मोटरीसारखा. रुईच्या चिकात अशी द्रव्यं असतात की ती ही मोटर बंद पाडतात. मग काचेत पाणी भरतं, ती फुगते, धुरकट होते. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं ते त्या पाण्यामुळं. "चटका बसला असता तर तुम्ही लगेच डोळा धुतला असता आणि काल संध्याकाळीच आला असता. बसला नाही म्हणून तुम्ही थांबलात."

मावशी अगदी हळू म्हणाली, "म्हंजे परभावळ न्हवती ती."

"नाही मावशी."

"आन हा डोळा?"

"अजून वेळ गेलेली नाही. थेंब देते. ते सांगते तसे घालायचे आणि मी बोलावते तेव्हा यायचं. एकदाही चुकवायचं नाही."

बाहेर बाकावर मावशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. मी विचारलं, "मावशी, भ्या वाटतंय?" ती म्हणाली, "भ्याचं काय न्हाई ग. सकाळी त्या बाया पाया पडल्या न्हवं? बरं वाटलेलं."

तिचे थेंब आईनं घातले. रोज, ठरल्या वेळी, आमच्या दारात बसवून. मावशीला काळा चष्मा मिळाला होता. तो लावून ती बोळात बसायची आणि चाहूल लागेल त्याला विचारायची, "पावणं, हिरॉईन दिसतोय का न्हाई?" काही दिवसांनी तिनं माझ्या फ्रॉकवरची फुलं ओळखली. आणखी काही दिवसांनी केळीचा दोरा पानातून ओवला. बुबुळाच्या कडेला थोडा धुरकटपणा कायमचा राहिला, पण डोळा वाचला.

आणि पहिल्याच शनिवारी, तिनं काळा चष्मा लावलेला असताना, आण्णांनी तालमीपुढं जाऊन मारुतीच्या गळ्यात रुईची माळ घातली. सगळी पेठ बघत होती. कुणी शिट्टी मारली, कुणी म्हणालं, "आण्णा शरण आले रं!" आण्णांच्या चळवळीतल्या मित्रांनी पुढं कित्येक दिवस त्यांच्याशी नीट बोलणं टाकलं.

मी तर भडकलेच. घरी येऊन ओरडले, "तुम्ही एवढी पत्रकं काढली आणि शेवटी माळ घातली? का?"

"पैज हरलो होतो."

"पैज म्हणजे काय धर्म आहे?"

"देवाला नाही घातली," आण्णा हात धूत म्हणाले. साबणानं, दोनदा. "मावशी जिंकल्या. त्यांनी जे मागितलं ते दिलं. उद्या मी त्यांना काही सांगितलं तर त्यांनी ते ऐकायला नको?"

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटत नाही. हट्टानं दिलेला शब्द मोडता येतो, असं माझं मत आहे. पण एक गोष्ट मला नाकारता येत नाही. त्यानंतर आण्णांनी रुईवर जे दुसरं पत्रक काढलं, ते मावशीनं ऐकलं. छापण्याआधी ऐकलं, आणि त्यातली दोन वाक्यं बदलायला लावली. "हे 'तात्काळ' काय असतंय? 'लगेच' म्हणा की."

त्या पत्रकात 'आग' हा शब्द एकदाच होता, आणि तोही 'होत नाही' या शब्दांना जोडून. बाकी ते अगदी छोटं होतं. मावशीनं त्यात माळा गुंडाळल्या, त्यामुळं ते पेठेतल्या झाडून सगळ्या मारुतींपर्यंत पोहोचलं. आण्णांच्या कुठल्याही पत्रकाला इतका खप कधी मिळाला नव्हता. तिनं स्वतःची रीतही बदलली. पानं तोडून आणली की आधी बादलीभर पाण्यात सोडायची, चीक जाऊ द्यायचा, कमरेला हात पुसायचं वेगळं फडकं खोचायचं आणि पदर तोंडापासून लांब ठेवायचा. ती अजूनही माळा करते. मी अजूनही त्या विकत घेत नाही. आमचं त्यावर भांडण होतं, आणि चहा होतो.

पुढं कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा त्या द्रव्यांची नावं मला कळली. त्यातल्या एकाला कॅलोट्रोपिन म्हणतात. हृदयाच्या ठोक्यावर काम करणारी जी औषधं दुसऱ्या झाडांपासून मिळतात, त्यांच्याच कुळातलं हे विष. वाळवंटात एकेक पान मोठ्या कष्टानं वाढतं, ते कुणी चरून जाऊ नये म्हणून झुडपानं केलेली ही तजवीज. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी मात्र रुईचंच पान खाऊन वाढते. मी रंकाळ्यापलीकडं तासन् तास बसून तिला पाहिलं आहे. ती एकदम पान खायला लागत नाही. आधी देठाजवळची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते, थांबते, आणि मग पुढचा भाग खाते. तरीही जे थोडं विष पोटात जातं, ते ती साठवून ठेवते. तिचं फुलपाखरू झालं तरी ते अंगात राहतं, आणि एकदा तोंड कडू झालेला पक्षी पुन्हा त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाही. बादलीत पानं सोडणाऱ्या मावशीला मी ही अळी दाखवली. ती चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हिला कुणी कागद वाचून दावला ग?"

मी अजून पत्रकं लिहिते. आता ती ऑफसेटवर छापून येतात, खिळे जुळवायला लागत नाहीत. अजूनही माझ्या हाताला 'आग' हा शब्द आधी येतो. तो लिहिण्याआधी मी आता कुणाला तरी विचारते. कारण आमच्याकडचं पुष्कळ वाईट मला रुईच्या चिकासारखं दिसायला लागलं आहे. पंगतीत वेगळा बसवलेला माणूस म्हणतो, "आमाला काय त्रास न्हाई." तिसरेपणाचा डाग लागलेली बायको म्हणते, "रीतच हाय ती." त्यांना आग होत नाही, आणि मी आग आग म्हणून ओरडत त्यांच्याकडं गेले तर तेही मला खोटा कागद म्हणतील. बरोबरच म्हणतील. त्यांना दिव्याभोवतीचं कडं दाखवावं लागेल, आणि ती प्रभावळ नव्हे हे सांगावं लागेल.

पण हे मोठं काम झालं. आज तुमच्याकडून मला एक लहान काम हवं आहे. तुमच्या गावात मारुती असेलच, आणि त्याच्या दाराशी रुईच्या माळा घेऊन बसलेलं कुणीतरी असेलच. माळ घ्या किंवा घेऊ नका. पण येत्या शनिवारी त्या माणसाजवळ दोन मिनिटं बसा आणि एवढं सांगा: चीक डोळ्यात गेला आणि आग झाली नाही, तरी लगेच भरपूर पाण्यानं डोळा धुवायचा, आणि दुखत नसला तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं. त्यांनी "मला काय होत न्हाई" असं म्हटलं तर उठू नका. पुन्हा एकदा सांगा.